आणखी एक महिना

ज्ञानेश्वरी दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं ते तिच्या हातावरून. चेहरा भरला होता, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. पण डावा हात पदराखालून ओटीपोटावर दाबून धरलेला होता, तो तसाच. वीस वर्षांपूर्वी पाथर्डीच्या आमच्या मुलींच्या शाळेत, दहावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर ती अशीच बसायची.

“बाई, ओळखलं का?” पाया पडत तिनं विचारलं.

“तुला नाही ओळखलं तर सरकारनं माझी पेन्शन बंद करावी. ये आत.”

तिच्या मागे तिचा नवरा राम होता, दवाखान्याची जाड फाइल छातीशी धरून. त्याच्या मागे, जिन्याच्या कठड्याला टेकत, तिची सासू साळूबाई. त्यांच्या हातात हुरड्याची पिशवी होती.

“मास्तरीनबाई, येवढ्या उंचावर राहून बघता तरी काय?” खुर्चीत बसत त्यांनी विचारलं.

“खालच्यांची भांडणं.”

“मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि आमचं जमलं.

माझे यजमान माधवराव गेल्यापासून मी नगरला सावेडीत एकटीच राहते. हे तिघं पारनेर तालुक्यातून आले होते, राळेगणच्या पलीकडच्या एका गावातून. तिथं राम आणि ज्ञानेश्वरी दूध संकलन केंद्र चालवतात. दोन दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. “बाई, एक गोष्ट समजून घ्यायचीय. डॉक्टर सांगतात ते डोक्यात शिरत नाही. तुम्ही सांगितलेलं शिरायचं.”

रामनं फाइल उघडली. “बाई, एंडोमेट्रिओसिस म्हणतात ह्याला.” दुधातलं फॅट सांगावं तितक्या सहज तो शब्द त्याच्या तोंडून आला. नऊ वर्षांच्या संसारात किती वेळा म्हणावा लागला असेल! “दोन्ही नळ्या फुगल्यात. आत पाणी साठलंय. दोन वर्षांपूर्वी टेस्ट ट्यूब केलं, ते टिकलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, आधी दोन्ही नळ्या काढून टाका, मग पुढचा प्रयत्न. शुक्रवारची तारीख दिलीय.”

संमतीच्या कागदावर त्याची सही होती. तिच्या नावापुढची जागा मोकळी होती.

“मी सांगते काय अडलंय ते,” साळूबाई म्हणाल्या. “आमच्याकडं बाईला दोन-तीन लेकरं झाली, बास झालं, की नळ्या कापत्यात. ऑपरेशन म्हंत्यात त्याला. मी सोता केलंय. आन् ही डॉक्टरीन म्हंती, लेकरू व्हावं म्हनून नळ्या कापा. असं कुटं आस्तंय व्हय? भाकरी करायची म्हनून कुनी तवा फेकून देतं का?”

“आई, गप की जरा.”

“का गप? मी भांडाय आले का? समजून घ्याया आले.”

मला त्यांचं पटलं. गावात ‘तिचं ऑपरेशन झालंय’ म्हणजे काय, हे लहान पोरीलाही कळतं. त्या बाईचं मुलं होणं संपलं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गोष्टीनं चार गावांतल्या बायका थांबल्या, तिच्यानंच आपल्या सुनेचं सुरू होईल, यावर कुणी कसा विश्वास ठेवायचा?

मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. हात थरथरतो आता, पण आकृती काढायला बसले की जरा थांबतो.

“ही गर्भाची पिशवी. दोन्ही बाजूंना या दोन नळ्या, चार-चार इंचांच्या. आणि ही अंडाशयं. पुस्तकात नळी अंडाशयाला जोडल्यासारखी दिसते, पण ती जोडलेली नसते. टोकाला अशी झालर असते, बोटांसारखी. अंडं सुटायची वेळ झाली की ही बोटं अंडाशयावर वळतात आणि अंडं आत घेतात. गर्भ धरतो तो इथं, नळीत. मग तो हळूहळू पिशवीत येतो.”

“म्हंजी लेकराचं पयलं घर नळी?” साळूबाई पुढे झुकल्या.

“पहिले चार-पाच दिवस. हो.”

“आन् हे मला साठीनंतर कळतंय.”

“आता हिचं काय झालं बघा. पिशवीला आतून अस्तर असतं, तसलंच अस्तर हिच्या पोटात पिशवीच्या बाहेर वाढलं. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर. पाळीच्या वेळी पिशवीतलं रक्त बाहेर जातं. या बाहेरच्या अस्तरातूनही रक्त सुटतं, पण त्याला जायला वाट नाही. ते तिथंच राहतं. सूज येते, सूज उतरताना आजूबाजूचं एकमेकांना चिकटतं. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. मग नळी वाकडी होते, आणि टोकाची बोटं एकमेकांना चिकटून मिटतात. नळीच्या आत पाझरणारं पाणी अडून राहतं, म्हणून ती फुगते. तेच पाणी उलटं पिशवीत उतरतं. डॉक्टर गर्भ पिशवीत सोडतात, पण हे पाणी त्याला रुजू देत नाही.”

“मंग पानीच काढून घ्या म्हनावं. नळी कशाला?”

“काढलं तरी पुन्हा भरतं. साळूबाई, तुमच्या नळ्या चांगल्या होत्या, वाट चालू होती, म्हणून ती कापून बंद केली. हिची वाट आधीच बंद आहे. आणि टेस्ट ट्यूबमध्ये अंडं सुईनं थेट अंडाशयातून घेतात, नळी लागतच नाही. पिशवी राहणार, अंडाशयं राहणार, पाळीही येणार.”

साळूबाईंनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, पुन्हा जवळ आणला. मग हळूच सुनेकडे सरकवला. त्यांना कळलं होतं.

ज्ञानेश्वरीनं मात्र कागदाकडे बघितलं नाही. “मला हे कळत होतं बाई, थोडं थोडं,” ती म्हणाली. “पण दर महिन्याला तारीख जवळ आली की मी दूध घेता घेता मनात दिवस मोजते. एक दिवस जरी वर गेला ना, तरी वाटतं, ह्या वेळी. डॉक्टर म्हणतात तसं होणारच नाही. पण नळ्या आहेत तोवर ते डॉक्टरांचं म्हणणं आहे. काढल्या की ते माझं म्हणणं होईल.”

रामनं फाइलची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

मग तिनं कागद हातात घेतला. “बाई, तुम्ही ही आकृती आम्हाला कधीच शिकवली नाही.”

खरं होतं. तीस-एक वर्षं मी विज्ञान शिकवलं. बेडकाचं हृदय शिकवलं, फुलाचे भाग शिकवले, आरसे-भिंगं शिकवली. हा धडा आला की सांगायचे, “हा घरी वाचून या.” मुली माना खाली घालायच्या, कुणी तरी बाकाखाली खिदळायचं, आणि मी पुढचं पान काढायचे. आमचा वर्ग आणि शिक्षकांची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. पलीकडे पुरुष शिक्षक चहा प्यायचे. तेवढं कारण मला पुरायचं. परीक्षेत त्या धड्यावरचा प्रश्न सोडून दुसरा लिहायची सोय असायची. कुणाचं काही अडलं नाही, असं मी समजत होते.

“तुम्ही गोळी द्यायचात,” ती म्हणाली. “खडूच्या डब्यात ठेवलेली असायची. मी दर महिन्याला यायचे. तुम्ही म्हणायचात, असंच असतं ज्ञाना, माझंही असंच व्हायचं, लग्न झालं की जातं. मी घरी जाऊन आईला तेच सांगायचे. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर आई पण गप बसायची.”

ती हे चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं आठवून सांगितलं.

“ज्ञाना,” मी म्हटलं, “माझं गेलं नव्हतं.”

आणि मग मी तिला ते सांगितलं, जे माधवराव सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आणि एक गोष्ट तर त्यांनाही माहीत नव्हती.

चौऱ्याहत्तर साली आम्ही पाथर्डीहून एसटीनं नगरला एका डॉक्टरांकडे आलो होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. तेव्हा नळी मोकळी आहे का हे बघायला तिच्यात वायू सोडायचे. डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचे. मला टेबलावर झोपवलं, खूप दुखलं, डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले आणि काही न बोलता उठले. कपडे नीट करताना नर्सबाई हळूच म्हणाली, “उठून बसलात की खांदा दुखतो का बघा. वायू पोटात उतरला असेल तर खांद्यात कळ येते. कळ आली म्हणजे नळी मोकळी.”

परतीच्या गाडीत करंजी घाट लागला. गाडी वळणावर कलली की मी उजवा खांदा हलवून बघायचे, मग डावा. आयुष्यात इतक्या मनापासून मी कुठल्या दुखण्याला बोलावलं नव्हतं. माधवराव पंचायत समितीत कारकून होते, मितभाषी माणूस. घाट संपता संपता त्यांनी विचारलं, “दुखतोय का?” असा आवाज होता त्यांचा, की मी म्हटलं, “थोडा थोडा.”

त्यांनी तिसगावला उतरून माझ्यासाठी पेरू आणले. तो महिना ते घरात गुणगुणत होते.

“खांदा दुखत नव्हता,” मी म्हटलं. “जरासुद्धा नाही. अठ्ठ्याऐंशी साली पुण्याला माझी पिशवी काढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी या आजाराचं नाव सांगितलं. म्हणाल्या, दोन्ही नळ्या मिटलेल्या होत्या, अंडाशयात जुनं रक्त साठून चॉकलेटसारखं झालं होतं. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस, ज्ञाना.”

तिला हिशेब लागायला क्षणभर गेला.

“म्हणजे मला गोळी देत होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“तुला तोच आजार आहे हे माहीत नव्हतं. पण शंका यायची. दर महिन्याला यायची.”

“मग?”

“तुला डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर तुझ्या आईनं विचारलं असतं, बाई, का हो? मग मला माझं सांगावं लागलं असतं. पाथर्डीत मला सगळ्या कार्यक्रमांना बोलवायचे, फक्त डोहाळजेवणाला नाही. वर्गात मात्र मी नुसती बाई होते. तेवढी एक जागा मी सांभाळली. तुझ्या पोटावर सांभाळली.”

ज्ञानेश्वरीचा चेहरा लाल झाला. “पंधराव्या वर्षी कळलं असतं तर माझ्या नळ्या राहिल्या असत्या?”

“नक्की सांगता येत नाही. काहींचं औषधानं आटोक्यात राहतं, काहींचं नाही. पण तू वीस वर्षं पोट धरून बसली नसतीस.”

ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. राम अर्धवट उठला, पुन्हा बसला.

साळूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. पण त्या वेगळंच बोलल्या.

“मास्तरीनबाई, मी मगाशी तव्याचं बोलले ना, ते खरं न्हाई. मला भ्या वाटतं म्हनून बोलले. आमच्या गावच्या शाळंत शिबिर हुतं. बाकं भाईर काढून आमाला सतरंजीवर वळीनं निजवल्यालं. माझी तीन लेकरं हुती. धाकटी आरती कडंवर हुती. ऑपरेशनला वरीस झालं न्हाई, तर पोर तापानं गेली. दोन वर्साची. मी ह्यांच्या मागं लागले, डॉक्टरला म्हनावं जोडून द्या. दवाखान्यातली नर्स हसली. म्हनली, मावशी, ती काय दोरी हाय का? मी लई वर्सं तिच्यासारखी पोर मागत हुते. कापलेलं मागं येत न्हाई. म्हनून मी ह्या पोरीला सही करू देईना.”

“मला ती आठवत नाही आई,” राम म्हणाला.

“कसं आठवंल? तू चार वर्साचा हुतास. तिच्या हातातलं बिस्कुट खायचास.”

गॅलरीचं दार उघडंच होतं. ज्ञानेश्वरी आत आली आणि सासूच्या खुर्चीपाशी खाली बसली. “आत्या, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कुनाला बोलू? लोक म्हनायचे, दोन हायेत की. आन् तुज्यापुढं कुठल्या तोंडानं बोलू? तुला एक न्हाई आन् मी तिसरीला रडू?”

ज्ञानेश्वरीनं आपलं डोकं साळूबाईंच्या गुडघ्याला टेकवलं. साळूबाई तिच्या केसांतला चाऱ्याचा कुठलासा कण काढत राहिल्या. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसून होते. मला वाटलं, माझ्या गुडघ्याला असं कुणी टेकलेलं नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षीही ते वाटायचं थांबत नाही.

थोड्या वेळानं ज्ञानेश्वरी म्हणाली, “मी सही करते. पण शुक्रवारी नाही. मला एक महिना पाहिजे.”

“आता आणि एक महिना कशाला?” रामनं विचारलं. “कळलंय ना सगळं?”

“कळलंय म्हणूनच. आत्तापर्यंत दर वेळी वाटायचं, हा गेला, पुढचा आहे. मला एकदा हे माहीत असून वाट बघायचीय, की पुढचा नाही.”

“ज्ञाना, असं कुणी करतं का?”

“मी करते.”

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टरबाई तरुण आवाजाच्या होत्या, घाईत होत्या, पण त्यांनी ऐकून घेतलं. “एका महिन्यानं फार फरक पडणार नाही,” त्या म्हणाल्या. “दुखलं जास्त, ताप आला, तर लगेच यायचं. पण ज्ञानेश्वरी, मी तुम्हाला आशा लावणार नाही हं.”

“तुम्ही नका लावू मॅडम,” ती म्हणाली. “ते माझं मी बघते.”

निघताना साळूबाईंनी हुरडा माझ्या परातीत ओतला आणि तीळ-लसणाची चटणी वेगळी दिली. रामनं वाकून नमस्कार केला. ज्ञानेश्वरी चपला घालून जिन्यात उभी राहिली. येताना ती पाया पडली होती, जाताना पडली नाही. “येते बाई,” एवढंच म्हणाली.

तो सगळा महिना तिनं फोन केला नाही. मीही केला नाही. काय म्हणून करणार होते? डॉक्टरांशी बोलताना तिनं पुढच्या पाळीची तारीख सांगितली होती, फेब्रुवारीची एकोणीस. ती माझ्या डोक्यात राहिली. मी विज्ञानाची शिक्षिका. कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या हातानं मिटलेल्या नळ्या काढल्या होत्या. त्यातून काही येणार नाही, काही जाणार नाही, हे त्या दिवशी मीच सर्वांत नीट सांगितलं होतं.

तरी एकोणीस तारखेला मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले. वाजला नाही. वीसला वाजला नाही. एकवीसला भाजीवाल्याशी बोलताना माझं लक्ष नव्हतं, त्यानं मला दोनदा विचारलं, मेथी घेताय की ठेवू. बावीस तारखेला मी कपाट उघडलं आणि मऊ झालेली एक सुती साडी काढली. तिच्यात दुपट्याचं कापड किती निघेल ते वितीनं मोजलं. चौऱ्याहत्तर सालच्या त्या महिन्यात माधवराव गुणगुणायचे, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत असायचे. खोटं माझंच होतं, तरी ऐकता ऐकता माझाही त्याच्यावर विश्वास बसायला लागला होता. तसंच झालं. चार दिवस मी आजी होते.

तेवीस तारखेला सकाळी साडेसहाला फोन वाजला.

“बाई, आली.”

“कधी?”

“पहाटे.”

“दुखतंय?”

“लई.” मग म्हणाली, “चार दिवस वर गेले होते बाई. मी कुणाला बोलले नाही. रामला पण नाही. कॅन उचलला नाही चार दिवस, कंबर दुखतीय म्हणून सांगितलं.” आणि ती रडायला लागली, शाळेत गोळी मागतानाही कधी रडली नव्हती तशी.

“मीही मोजत होते,” मी म्हटलं.

“तुम्ही?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “तुम्हाला तर माहीत होतं, होणार नाही म्हणून.”

“तुलाही माहीत होतं.”

ती रडता रडता हसली की काय, मला नीट कळलं नाही. “सोमवारी ॲडमिट व्हायचंय. सही तिथंच करणार आहे. तुम्ही याल का?”

“येईन.”

“मी अजून रागावलेली आहे बाई.”

“असू दे. मी येते.”

मागून साळूबाईंचा आवाज आला, “मास्तरीनबाईला सांग, दवाखान्यातला चा पानचट आस्तो, मी घरचं दूध आनते,” आणि त्याच वेळी मोटारसायकली येऊन थांबल्या. केंद्रावर सकाळचं दूध यायची वेळ झाली होती. “थांबा हं बाई,” ती म्हणाली. तिनं फोन कुठंतरी फळीवर ठेवला असावा, बंद केला नाही. कॅनची झाकणं वाजली. कुणीतरी तिला उशीर का झाला विचारलं. तिनं घसा साफ केला आणि पहिल्या माणसाला त्याच्या दुधाचं फॅट सांगितलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आवाज हळूहळू तिच्या रोजच्या आवाजासारखा होत गेला. चौथ्याला तिनं पाणी घातल्याबद्दल फटकारलं, आणि रांगेतले सगळे हसले.

मी फोन कानाला धरून ऐकत बसले.